अडीच ठिपके

नईम आतारच्या टेबलावर सकाळपासून दोन कुशाबाई बसल्या होत्या. एक जुन्या कॉम्प्युटरच्या पडद्यावर आणि दुसरी आरिफने आणून ठेवलेल्या लॅपटॉपवर. बाई एकच, फोटोही एकच, गेल्या महिन्यात नईमनेच स्टुडिओत काढलेला. पण डावीकडच्या कुशाबाईंवर त्याने अख्खी दुपार घालवली होती, आणि उजवीकडच्या कुशाबाईंसाठी एक बटण दाबून तो चहा प्यायला गेला होता. परत येईस्तोवर काम झालेलं. आणि खरं दुखणं हे होतं, की उजवीकडच्या कुशाबाई जास्त चांगल्या दिसत होत्या.

तो खुर्चीत बसला, उठला, शटरपाशी जाऊन रस्त्यावर नजर टाकून आला, पुन्हा बसला. डावीकडे बघितलं. उजवीकडे बघितलं. खुर्ची मागे सरकवून लांबून बघितलं. मग दोन्ही पडद्यांवर फडकं मारलं, जणू धुळीमुळेच निर्णय होत नव्हता.

"शबीना, हितं ये जरा. ह्यातला कुठला बरा?"

त्याची बायको काउंटरवर कुणाचं तरी आधार कार्ड लॅमिनेट करत होती. तिने मान वळवली. "उजवीकडचा."

"नीट बघ की."

"बघितलं. उजवीकडचा. एवढा इचार तुमी आपलं लग्न ठरताना केला न्हवता."

"तवा एकच फोटो दाखवला व्हता मला," नईम पुटपुटला.

बारामतीत गुणवडी चौकाच्या आतल्या गल्लीत 'आतार फोटो स्टुडिओ' नईमच्या वडिलांनी, अय्युबभाईंनी थाटला. अय्युबभाई काचेच्या निगेटिव्हवर पेन्सिल फिरवून चेहरे नितळ करायचे. नईम कॉम्प्युटरवर करायचा. ज्या सॉफ्टवेअरवर तो शिकला तेच अजून वापरत होता. मध्ये त्याच्या कितीतरी नव्या आवृत्त्या आल्या आणि गेल्या, नईमने ढुंकून पाहिलं नाही. त्याच्या कीबोर्डवरची अक्षरं पुसली गेली होती आणि त्याला त्यांची गरजही नव्हती. मळकट रंग धुणं, नवरदेवाच्या काखेतला घामाचा डाग घालवणं, लग्नात रुसून बसलेल्या मामाला दुसऱ्या फोटोतून उचलून ग्रुपमध्ये हसत उभं करणं, ही कामं तो अशी करायचा की मामालाही वाटावं आपण तिथे होतो. 'फोटो मऊ करायचा तर नईमकडं टाका,' असं माळेगावपासून वडगाव निंबाळकरपर्यंत लोक म्हणत. म्हणत होते, असं म्हणायला हवं. हल्ली पोरं मोबाइलवरच मऊ होत होती, आणि स्टुडिओ शबीनाच्या पासपोर्ट फोटोंवर आणि लॅमिनेशनवर चालला होता.

त्यात हा आरिफ. नईमच्या बहिणीचा, लैलाचा मुलगा. इंदापूरला असायचा, लग्नांची शूटिंग घ्यायचा, ड्रोन उडवायचा. गेल्या आठवड्यात तो आला, लॅपटॉप टेबलावर ठेवला आणि सरळ मुद्द्याला हात घातला.

"मामू, माझ्याकडं सीझनला एवढे अल्बम येत्यात की मला जेवायला फुरसत न्हाय. सगळे तुमाला देतो. पन तुमच्या त्या जुन्यात माझ्या फायली उघडत न्हाईत. हे नवं घ्या. माझ्याच खात्यावर दोन मशीनवर चालतंय. तवर ट्रायल वापरून बघा."

"इकत मिळत न्हाय का?"

"आता इकत कायच मिळत न्हाय मामू. भाड्यानं. म्हैना भरला की भाडं."

"आन् मी न्हाय म्हनलो तर?"

आरिफ गुणी पोरगा, त्याने नजर चुकवली. "तर मंग दुसरा कुनीतरी बघावा लागंल."

इकडे आड तिकडे विहीर, ती ही. नाही म्हणावं तर उरलं आयुष्य पासपोर्ट फोटो कापण्यात जाणार, तेही शबीनाच्या हाताखाली, कारण कात्री तिची सरळ चालते. हो म्हणावं, तर जे करण्यासाठी लोक नईमकडे येत होते तेच आता बटण करणार. मग नईम आतार कशाला पाहिजे? बटण दाबायला? ते तर आरिफच्या धाकट्या बहिणीलाही येतं. हा प्रश्न त्याने शबीनाला विचारला नाही, कारण ती खरं उत्तर देते.

फोन वाजला. लोणी भापकरहून इंद्रजितराव, म्हणजे कुशाबाईंचे चिरंजीव.

"नईमभाई, फ्लेक्सवाला बोंब मारतोय. उद्या आईचं सहस्रचंद्रदर्शन हाय, फोटो काय उद्याच देता का?"

"झालाय इंद्रजितराव, झालाय. पाठवतोच."

आणि मग नईमने जे केलं त्याला निर्णय म्हणता येत नाही. हात डावीकडच्या माउसकडे गेला, तिथून उजवीकडे आला, आणि उजवीकडच्या कुशाबाई फ्लेक्सवाल्याकडे रवाना झाल्या. पाठवल्यावर त्याने पुन्हा एकदा त्यांच्याकडे बघितलं. गाल उजळलेले, सुरकुत्या नेमक्या तेवढ्याच कमी केलेल्या, लुगड्याचा काठ एकेका धाग्यासकट. कुठे बोट ठेवायला जागा नाही. नईमला आनंद व्हायला पाहिजे होता.

तो झाला नाही. उलट जेवताना घास घोळायला लागला. काहीतरी चुकलंय. काय, ते सांगता येईना. दाताच्या फटीत बडीशेप अडकल्यावर जीभ जशी तिथेच तिथेच जाते, तसं त्याचं मन त्या फोटोकडे जात राहिलं. कान बरोबर होते. डोळे बरोबर होते. मागची झेंडूची माळ, ती तर आरिफच्या सॉफ्टवेअरने स्वतःच ओवलेली, तीसुद्धा बरोबर. मग काय?

"हेवा वाटतोय तुमाला," शबीना म्हणाली. "दुसरं काय न्हाय. मशीननं तुमच्यापेक्षा बरं केलं म्हनून पोटात दुखतंय."

हेही पटण्यासारखं होतं. नईमने ते पटवून घेतलं आणि तरी त्याचं पोट दुखायचं थांबलं नाही.

दुसऱ्या दिवशी तो इंदापूरच्या गाडीत बसला. ट्रायल त्याच दिवशी संपत होती. आरिफने बजावून ठेवलं होतं की मामू, जुन्या कॉम्प्युटरची डिस्क घेऊन या, सगळं नव्यात आणून देतो, म्हणजे त्या डब्याला भंगारात टाकायला तुमी मोकळे. ती डिस्क पिशवीत घालून नईमने मांडीवर घेतली होती. शबीनाने निघताना एवढंच विचारलं होतं, "नक्की करून चाललाय ना?" आणि त्याने "बघू," म्हटलं होतं. बघू हे उत्तर नव्हे, हे दोघांनाही माहीत होतं.

गाडी भवानीनगरच्या पुढे आली. उसाच्या ट्रॉल्यांमागे अडकत, गचके खात चाललेली. नईमने खिडकी उघडली, धूळ आली म्हणून बंद केली, उकडलं म्हणून पुन्हा उघडली. मनात आरिफशी बोलणं चालू होतं. एकदा तो हो म्हणत होता आणि आरिफ त्याला मिठी मारत होता. एकदा नाही म्हणत होता आणि लैला फोनवर रडत होती. शेजारी बसलेल्या म्हाताऱ्या बाईंनी कमरेची पानाची चंची सोडली, पान लावलं, तोंडात टाकलं आणि निवांत चघळायला लागल्या. नईमची नजर सहज त्यांच्या हलणाऱ्या हनुवटीवर गेली आणि तिथेच खिळली.

हनुवटीवर हिरवट काळे ठिपके होते.

"काय रं बाबा?" बाई म्हणाल्या. "वळख लागली का काय?"

"मावशी, तुमच्या हनुवटीवर..."

"गोंदान हाय. कदी बघितलं न्हाय व्हय आयुष्यात?"

नईम ताडकन उठला. डोकं वरच्या दांड्याला आपटलं. "कंडक्टर! गाडी थांबवा!"

"लासुर्ण्याला थांबंल की," कंडक्टर म्हणाला. "गाडी काय तुमच्या घरची हाय व्हय?"

लासुर्ण्याला उतरल्या उतरल्या त्याने शबीनाला फोन लावला. "लॅपटॉप उघड. कुशाबाईंचा फोटो काढ. हनुवटीवर काय दिसतंय?"

"काय दिसायचंय? कायच न्हाय."

"कपाळावर?"

"कायच न्हाय. साफ हाय एकदम." मग तिने पुन्हा बघितलं. तिनेही त्या बाईंना लहानपणापासून पाहिलेलं. "या अल्ला," ती हळूच म्हणाली. "गोंदण कुठं गेलं?"

कुठे गेलं ते नईमला चांगलं कळलं होतं. नव्या सॉफ्टवेअरला चेहरा साफ करायला सांगितला होता आणि त्याने तो साफ केला होता. मुरूम, वांग, डाग, गोंदण, त्याला सगळं सारखंच. कुशाबाईंच्या कपाळावरची बारीक चंद्रकोर आणि हनुवटीवरचे तीन ठिपके, पाऊणशे वर्षं अंगावर असलेले, त्याने चहा पिऊन होईस्तोवर पुसून टाकले होते. मशीनला बोल लावायला नईम तयारच होता. पण मशीनने पुसल्यावर तो फोटो कुणी बघितला? खुर्ची मागे सरकवून, फडकं मारून, लांबून आणि जवळून कुणी बघितला, आणि बोट ठेवायला जागा नाही असं कुणी म्हटलं? नईम आतारने. ज्याची नजर म्हणजे नजर, असं लोक सांगायचे, त्या नईम आतारने. लासुर्ण्याच्या स्टँडवर उभ्या उभ्या त्याला अशी लाज वाटली की कुणी ओळखीचं भेटू नये म्हणून तो रसवंतीच्या मागे जाऊन उभा राहिला.

तिथूनच त्याने फ्लेक्सवाल्याला फोन केला. दुसरा फोटो देतो, पुन्हा छाप. फ्लेक्सवाला म्हणाला की सकाळपासून लाईट नाही आणि जनरेटर बिघडलाय, आणि तुमचा फ्लेक्स तर कालच गेला. इंद्रजितरावांना लावला तर मागे हलगी वाजत होती. "नईमभाई! काय फोटो केलाय! सगळ्यांनी स्टेटसला ठेवलाय. आईला धा वर्सांनी तरणी केली तुमी!" नईमने फोन ठेवून दिला. आरिफचे दोन फोन येऊन गेले, ते त्याने उचलले नाहीत.

परतीची गाडी मिळेना, तेव्हा एका टेंपोत केळीच्या घडांशेजारी बसून तो बारामतीत आला, घरून स्कूटर काढली आणि लोणी भापकरचा रस्ता धरला. मांडीवरची पिशवी आता हँडलला अडकवली होती. वाटेत दोनदा वाटलं, परत फिरावं. जाऊन सांगायचं तरी काय? फ्लेक्स काय, चार दिवसांत वाऱ्याने फाटतो आणि मग त्याची वैरणीवर ताडपत्री होते. पण कार्यक्रमाला आलेला प्रत्येक माणूस त्या फ्लेक्सखाली उभा राहणार होता, आणि तोच फोटो फ्रेम होऊन घरात लागणार होता. पुढे कधीतरी त्याला हार पडणार होता. त्या हाराखाली भलतीच कुणीतरी बाई असणार होती. स्कूटर त्याने थांबवली नाही.

वेशीतच फ्लेक्स. दोन बांबूंच्या मधे, दुमजली घराएवढा. खाली गॉगल लावलेल्या शुभेच्छुकांची रांग आणि वर कुशाबाई, झेंडूच्या माळेत हसणाऱ्या. चेहरा उकडलेलं अंडं सोलावं तसा. नईमने मान वर करून बघितलं आणि त्याला ती बाई ओळखू येईना. काल हिला आपण सुंदर कसं म्हणालो?

"या या नईमभाई!" इंद्रजितराव फेटा सावरत आले. साठीला टेकलेला माणूस, पण आज लग्नघरातल्या पोरासारखा लगबगलेला. "बरं झालं आला. गुळानं तुला करायचीय आईची. फोटो तुमीच काढा."

"इंद्रजितराव, चूक झालीय. फ्लेक्सवर."

"कसली?" इंद्रजितरावांनी कपाळावर हात धरून वर बघितलं. बराच वेळ बघितलं. "नाव बरोबर हाय. तारीख बरोबर हाय. शुभेच्छुकांत भावकीतल्या अप्पाचा फोटो ऱ्हायलाय व्हय? त्यो रुसंल बगा."

"न्हाय. मावशींचा चेहरा बघा."

"चांगला हाय की."

त्यांची मुलगी उत्कर्षा, पुण्यात नोकरी करणारी, शेजारी येऊन उभी राहिली. "काका, आजीची स्किन काय मस्त आलीय! कुठलं सॉफ्टवेअर वापरलं?"

"गोंदण," नईम म्हणाला. "मावशींचं गोंदण गेलंय. माझ्याकडनं गेलंय."

दोघेही वर बघत राहिले. उत्कर्षाचा हात तोंडावर गेला. इंद्रजितरावांचा हात नकळत स्वतःच्या हनुवटीवर गेला आणि तिथेच राहिला. सकाळपासून त्या फ्लेक्सखालून त्यांनी हजार फेऱ्या मारल्या होत्या. मग त्यांनी इकडेतिकडे बघून आवाज उतरवला. "जाऊ द्या वो. कुनाच्या ध्यानात येनार हाय?"

"माझ्या आलंय की."

आवाज पलीकडच्या ओसरीवरून आला. कुशाबाई तिथे बाजेवर बसल्या होत्या. हिरवं नवं लुगडं नेसलेल्या, पाय खाली सोडलेल्या. डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यापासून त्यांना वेशीपासून मारुतीच्या देवळापर्यंतचं सगळं दिसायचं, कान तर आधीपासूनच तिखट, आणि हे त्यांचा मुलगा विसरला होता.

"सकाळीच बघितलं म्या," त्या म्हणाल्या. रागाने नव्हे, आज भाजीत मीठ कमी पडलं म्हणावं तशा. "वाटलं, आता कुनीतरी म्हनंल. लेक आला, फोटो काढून गेला. सुना आल्या. नाती आल्या. गाव आलं. सगळ्यास्नी लई आवडलं. मग म्हनलं, असंल. म्हातारीचं तोंड काय, कसंबी चालतंय."

हलगीवाला वाजवायचा थांबला. इंद्रजितराव "आई, तसं न्हाय गं," असं काहीतरी म्हणायला गेले आणि मध्येच गप्प झाले, कारण तसंच होतं.

नईम ओसरीपाशी गेला. "मावशी, चूक माझी हाय. मशीननं पुसलं आन् माझ्या ध्यानात आलं न्हाय."

"मग आता कसं आलं?"

"गाडीत एक बाई बसली व्हती शेजारी."

"आन् तितनं आलास व्हय माघारी?"

"व्हय."

कुशाबाईंनी त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. केळीच्या चिकाचे डाग पडलेला सदरा, धुळीने पांढरे झालेले केस. "अय्युबभाईचा पोरगा शोभतोस," त्या म्हणाल्या. "त्यो बी असाच. माझ्या लग्नाचा फोटो बिघडला म्हनून दुसऱ्या दिशी सायकलीवर आला व्हता. ह्ये बघ लेकरा, सोनंनानं हितंच ऱ्हातंय, गोंदान तेवढं संगं येतंय. आमचं ह्ये गेलं तवा कुंकू पुसलं बायकांनी. बांगड्या काढल्या. ह्येला मातुर कुनाला हात लावता आला न्हाय. आन् त्वा लावलास."

नईमला वाटलं, ओरडली असती तर बरं झालं असतं. तो म्हणाला, "मी परत काढतो. त्या फ्लेक्सवर. हातानं."

कल्पना वेडगळ होती, पण बोलून गेल्यावर तीच बरोबर वाटली. गावात ट्रॉल्यांवर नंबर टाकणारा एक पेंटर होता, त्याच्याकडून हिरव्या आणि काळ्या ऑइलपेंटचे डबे आले. शिडी आली. इंद्रजितराव स्वतः शिडी धरायला उभे राहिले, फेट्यासकट. नईमने रंग मिसळला, ब्रश घेतला, आणि शिडीवर पाय ठेवणार तेवढ्यात मागे फिरला.

"मावशी, जरा उजेडाकडं तोंड करा. मला नीट बघू दे."

"आता बघतोस व्हय?" त्या म्हणाल्या, पण वळल्या.

तो बाजेसमोर जमिनीवर बसला. कॅमेरा नव्हता, पडदा नव्हता, झूम करायला चाक नव्हतं. नुसतं बघायचं. चंद्रकोर नाकाच्या रेषेत नव्हती, थोडी डावीकडे कललेली होती. हनुवटीवरचा पहिला ठिपका गडद. दुसरा गडद. आणि तिसरा... नईम पुढे वाकला. तिसरा ठिपका पुरता नव्हताच. अर्धवट, फिकट, एका बाजूला नुसती हिरवी सावली.

"मावशी, ह्यो तिसरा असा का?"

कुशाबाई पहिल्यांदा हसल्या. "त्यो अर्धाच हाय. करंज्याच्या सोमेश्वराच्या जत्रंत गोंदलं. मी एवढीशी. दोन टोचस्तवर दम धरला. तिसऱ्याला सुई लागली आन् हाताला हिसडा मारून जी पळाले, ती पार नारळवाल्याच्या पालात. आईनं लई धुंडलं. गोंदनारीन म्हनली, ऱ्हाऊ दे बाय, तिच्या नशिबात तेवढाच. लग्न झाल्यावर आमचं ह्ये मला अडीच ठिपक्यांची कुशी म्हनायचं. चारचौघांत न्हाय. चुलीपाशी."

इंद्रजितरावांनी शिडीवरचा हात काढून डोळे पुसले. वडिलांनी आईला ठेवलेलं हे नाव त्यांना आज कळत होतं.

नईम मात्र दुसऱ्याच गोष्टीने हलला होता. हँडलला अडकवलेल्या पिशवीत ती डिस्क होती, आणि डिस्कमध्ये डावीकडच्या कुशाबाई होत्या, जुन्या सॉफ्टवेअरवर, हाताने, अख्खी दुपार घालून केलेल्या. त्यांच्या हनुवटीवर तीन ठिपके होते. तिन्ही गडद, तिन्ही एका मापाचे. तिसरा फिका दिसला म्हणून त्याने स्वतःच भरून काढला होता. कॅमेऱ्याने उडवला असेल असं समजून. वर स्वतःवर खूश होऊन. दोन दिवस तो ज्या दोन बायकांमध्ये येरझाऱ्या घालत होता, त्या दोन्हीही कुशाबाई नव्हत्या. एकीचं मशीनने पुसलं होतं आणि दुसरीचं त्याने गिरवलं होतं. खरी बाई इथे बाजेवर बसली होती आणि तिला पडद्यावर घेतल्यापासून त्याने तिच्याकडे एकदाही बघितलं नव्हतं.

एवढं कळल्यावर माणसाने खचून जावं. पण नईमच्या पोटातलं दुखणं नेमकं तिथे थांबलं. बडीशेप निघाली.

तो शिडी चढला. खाली पोरं जमली, मोबाइल वर झाले. आधी त्याने कपाळावरची चंद्रकोर काढली, थोडी डावीकडे कललेली. मग बऱ्याच पायऱ्या उतरून हनुवटीपाशी आला. पहिला ठिपका तळहाताएवढा. खिशात फोन वाजला. ब्रश दातात धरून त्याने फोन कानाशी लावला.

"मामू, कुठं हाय तुमी? ट्रायल संपतीय. सांगा आता, घ्यायचं का न्हाय?"

नईमने ब्रश हातात घेतला. "घे," तो म्हणाला.

"काय?" आरिफला विश्वास बसेना. "नक्की? मला वाटलं तुमी जुनंच कवटाळून बसनार."

"जुनं काय कवटाळायचं? त्ये बी लबाडच हाय. नव्यावर करू सगळं. पन एक सांगतो. फोटोतलं मानूस समोर बसवून बघितल्याबिगर मी एक बी फोटो पाठवायचा न्हाय. उशीर झाला तर झाला. चालंल?"

"मामू, नवरी-नवरदेवाला बसवून बघनार? शिडीवर हाय का काय तुमी? वारं लई येतंय."

"शिडीवरच हाय. ठेव आता, रंग वाळतोय."

दुसरा ठिपका झाला. मग त्याने ब्रश डब्याच्या काठाला निथळून घेतला, हात स्थिर केला आणि तिसऱ्याला सुरुवात केली. अगदी हळू. काठावरून आत यायला लागला. कुशाबाई बाजेवरून उठून, नातीच्या खांद्यावर हात ठेवून वेशीत आल्या होत्या आणि मान वर करून स्वतःच्या तोंडाकडे बघत होत्या. ब्रश ठिपक्याच्या मध्यापर्यंत आला, सवयीने पुढे सरकणार, एवढ्यात खालून हाक आली.

"बास! बास लेकरा, हितंच पळाले मी!"

नईमने ब्रश उचलला.